मागच्या जिन्याचं माप

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मी पुढच्या दालनातली फरशी मोजत होतो.

सकाळचे अकरा वाजून गेले होते. मागच्या बाजूने आवाज आला, सिमेंटचं पोतं गाडीवरून खाली टाकावं तसा. काम चालू असलेल्या इमारतीत असे आवाज दिवसभर येत असतात. मी टेपवरचा आकडा वाचला, आठ पूर्णांक बासष्ट. वहीत लिहिला. त्यापुढे 'फरशी, पुढील दालन, लांबी' एवढं लिहिलं आणि मग मान वर केली. टेपचं दुसरं टोक धरून उकिडवा बसलेला शिपाई मागच्या दाराकडे बघत होता. दारात ठेकेदाराचा गवंडी उभा होता. त्याने मला पाहिलं आणि नजर खाली घातली.

"मामा," तो शिपायाला म्हणाला, "साहेबांना मागे घेऊन या."

काय झालं ते मी विचारलं नाही. मागच्या जिन्याखाली ती एका कुशीवर होती. हातातली दोन रजिस्टरं तिने सोडली नव्हती. चष्मा तिच्या वर तिसऱ्या पायरीवर राहिला होता. काचा शाबूत होत्या.

ते आठ पूर्णांक बासष्ट अजून वहीत आहे. अक्षर नेहमीसारखं सरळ आहे.

मी नगरपालिकेत ओव्हरसियर आहे. एकतीस वर्षं झाली. रस्ते, गटारं, शाळांची छपरं, शहराचं जे काही आहे ते मी मोजतो. आमची इमारत जुनी. खालचा मजला दगडी, वरचा नंतर कधीतरी विटांचा चढवलेला, आणि दोघांचं एकमेकांशी कधीच पटलं नाही. जोडावर भेगा, भेगांतून गळती. शेवटी दुरुस्तीला रक्कम मंजूर झाली आणि तिचा खर्च सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. सांभाळायचं म्हणजे वाढू द्यायचं नाही. एका ठरावीक रकमेपर्यंत आमच्या साहेबांची सही चालते. त्यावर एक पैसा गेला की कागद वरच्या कार्यालयात जातो आणि तिथे तो म्हातारा होतो.

बायको त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, जन्ममृत्यूच्या नोंदीच्या खिडकीवर बसायची. "तुम्ही भिंती मोजा, मी माणसं मोजते," असं म्हणायची. डबा आम्ही एकत्र खायचो. ऑफिसात ती मला 'ओव्हरसियरसाहेब' म्हणायची, मुद्दाम, सगळ्यांसमोर, आणि मी लाजायचो.

आता टेपबद्दल सांगतो, कारण ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. माझी टेप ऑफिसची आहे, कापडी, पंधरा मीटरची. बारा वर्षांपूर्वी तिचं टोक दारात सापडून तुटलं. पहिले दहा सेंटिमीटर गेले. म्हणजे टेप शून्यापासून नाही, दहापासून सुरू होते. काही बिघडत नाही, आलेल्या प्रत्येक आकड्यातून दहा वजा करायचे. नव्या टेपसाठी मी चार वेळा मागणी केली. चारही वेळा 'जुनी वापरात आहे' असा शेरा मारून कागद परत आला, आणि ते खरंच होतं.

टेपला दोन माणसं लागतात. एक टोक धरतो, दुसरा वाचतो. पगार पुरत नव्हता त्या काळात मी सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरांचे नकाशे करून द्यायचो. टोक धरायला बायको यायची. टोक नीट भिंतीला लागलं की ती टेपला दोन हिसके द्यायची. म्हणजे 'लागलं, वाचा.' ओरडायची गरज नाही. मग मी आकडा वाचला की पलीकडच्या खोलीतून हमखास विचारायची, "अहो, दहा वजा केले का?" दर वेळी. घराचे मालक हसायचे. मी चिडायचो. बारा वर्षं मी चिडत होतो.

दुरुस्तीचं अंदाजपत्रक मी गेल्या वर्षी केलं. खालच्या मजल्याची मापं घेताना संध्याकाळी ती थांबली होती. वरच्या मजल्याच्या वेळी तिला खिडकीवर काम फार होतं, म्हणून टोक धरायला शिपायाला घेतलं. त्याला सगळे टाचणीमामा म्हणतात, कॉलरला कायम चार टाचण्या टोचलेल्या असतात म्हणून. दोन दिवसांत चौसष्ट भिंती झाल्या.

बेरीज मर्यादेच्या थोडी वर गेली. फार नाही, पण वर.

"बसवा," साहेब म्हणाले.

"गिलाव्यात काही काढता येणार नाही, साहेब."

"अहो, कुठूनतरी काढा. तुम्हाला काय सांगायचं? आहे त्यात बसवा."

मी बसवलं. बाब क्रमांक एक्केचाळीस: मागच्या जिन्यास तात्पुरता लाकडी कठडा. जुना कठडा सडला होता, तो काढायचाच होता. नवा लोखंडी दुसऱ्या टप्प्यात येणार होता. मधल्या चार महिन्यांसाठी हा लाकडी. मागचा जिना फक्त जुनी रजिस्टरं ठेवलेल्या नोंदीखोलीत जायला वापरतात, चार महिने काय होतंय, असं मी मनाशी म्हणालो आणि त्या ओळीवर पट्टी ठेवून रेघ मारली. अंदाजपत्रक बरोबर बसलं. साहेबांनी पाठ थोपटली.

पुढच्या जिन्याची फरशी उखडल्यावर सगळे मागच्या जिन्यानेच जायला लागले. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. कामांचा क्रम मीच लावला होता.

ती गेल्यावर नवव्या दिवशी साहेबांनी बोलावलं.

"बसा. चहा सांगू?"

"नको."

"मुलगी काय करते तुमची?"

"शिकून घरी आहे. अर्ज चालू आहेत."

"बाईंच्या जागेवर तिला घेता येईल. मी शब्द टाकतो. भरपाईचंही लवकर होईल. फक्त चौकशीचा कागद स्वच्छ पाहिजे." त्यांनी पेपरवेट फिरवला. "एक्केचाळीसवर रेघ कोणाची आहे?"

"माझी. तुम्ही बसवा म्हणालात."

"बसवा म्हणालो. कठडा काढा म्हणालो का?"

नव्हते म्हणाले.

"हे बघा, तुम्हाला दोष द्यायचा असता तर इथे बोलावलं नसतं. असं करू. ती बाब सुधारित पानात परत घेतली होती. ठेकेदाराने कठडा लावला. तुम्ही मोजला. बाईंचा तोल गेला, त्या कठड्यावर रेलल्या, तो निघाला. लाकूड मजुरांनी जाळायला नेलं. कोणाचाच दोष नाही, आणि तुमच्या घराचं नुकसान नाही."

"मोजमापाच्या वहीत नोंद नाही, साहेब."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. मागे जागा सोडलेली असते ना तुम्ही लोकांनी? तारीख आधीची टाका."

"टेप लावल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही."

हे मी का म्हणालो, मलाही सांगता येणार नाही. खोटी तारीख घालायला माझी हरकत नव्हती. नसलेल्या कठड्याची नोंद करायलाही मी जवळजवळ तयार होतो. पण टेप न लावता लिहायचं नाही, एवढंच डोक्यात राहिलं होतं. साहेबांनी पेपरवेट थांबवला. मग म्हणाले, "मग लावा की टेप. जिना कुठे पळून गेलाय?"

त्याच संध्याकाळी मी अंदाजपत्रकाचे कच्चे कागद काढले. कशासाठी ते आठवत नाही, बहुधा हाताला काहीतरी काम हवं होतं. खालच्या मजल्याच्या कागदावर प्रत्येक आकड्यासमोर 'वजा दहा' आहे. वरच्या मजल्याच्या चौसष्ट भिंतींसमोर काही नाही. विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून मी विसरलो होतो. चौसष्ट भिंती दहा-दहा सेंटिमीटरने लांब झाल्या, तेवढा गिलावा वाढला, तेवढा रंग वाढला. मी तीन वेळा बेरीज केली. वाढलेल्या रकमेत एक्केचाळीस नंबरची बाब बसून वर थोडं उरत होतं.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

मागचा जिना सरळ आहे, एका दमात वर जाणारा. डाव्या हाताला भिंत, उजवीकडे मोकळी कड. बावीस पायऱ्या. उतारावर कठड्याची लांबी एका पायरीमागे बत्तीस सेंटिमीटर पडते, म्हणजे एकूण सात मीटर चार सेंटिमीटर. वर झरोका आहे, त्याचा उजेड वरच्या दहा पायऱ्यांपर्यंत पोचतो. त्याखाली भरदुपारीही नीट दिसत नाही. तिथला दिवा वायरिंगसाठी काढला होता, तो परत लागलेला नाही. आता पुढचा जिना सुरू झाला आहे, त्यामुळे मागच्याला दोरी बांधून ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी टाचणीमामाला घेऊन गेलो. तो दोरीपाशी थांबला.

"साहेब, दुसरं कुठलंही माप सांगा. गच्चीवरून लोंबकळतो पाहिजे तर."

"दोन मिनिटांचं काम आहे, मामा."

"बाईंनी मला मुलीच्या लग्नाला पैसे दिले होते," तो म्हणाला. "इथं मी टोक धरणार नाही." आणि गेला. त्याने ओळखलं होतं. शिपाई सगळं ओळखतात.

मी खालच्या पायरीवर टेपचं टोक ठेवलं, त्यावर वीट ठेवली आणि टेप सोडत वर गेलो. वर पोचून हलकेच ताणली. वीट हलू नये म्हणून अगदी हलकेच. तेवढ्यात खालून दोन हिसके बसले.

कापडी टेप कडेला अडकते, सुटते, हिसका बसतो. दोनदा अडकली असेल. आकडा होता सात चौदा. दहा वजा, सात चार. बरोबर.

आमच्या कामात माप घेतलं की उभ्या उभ्या, जागेवरच वहीत लिहायचं असतं. टेबलावर येऊन लिहिलेलं माप आम्ही धरत नाही. जागेवर लिहिलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत टेप लावायची. मी वही उघडली, 'बाब ४१' लिहिलं आणि पेन थांबलं. पुढे 'कठडा' लिहायचं होतं. मी उघड्या कडेकडे बघत उभा राहिलो. मग टेप गुंडाळली आणि खाली आलो. वीट पायरीवर नव्हती. बाजूला, भिंतीला टेकून उभी ठेवलेली होती, कोणाच्या पायात येऊ नये तशी.

दुसऱ्या दिवशी आकडा आला सहा ब्याऐंशी.

झोल पडला की माप वाढतं, कमी होत नाही. पण एवढ्याने माणूस बिचकत नाही. मी टेप परत ताणली. सहा ब्याऐंशी. लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सहा पन्नास. चौथ्या दिवशी सहा अठरा. चौथ्या दिवशी मला वजाबाकी करायची गरज नव्हती. बत्तीस हा आकडा मी झोपेत ओळखतो. ती एक पायरी आहे.

या दिवसांत मुलगी घरी आईचं कपाट आवरत होती. साड्या एका बाजूला, कागद एका बाजूला. तिच्या आईच्या मृत्यूची नोंद आईच्याच रजिस्टरात झाली होती, मुलगी जाऊन बघून आली. कारणाचा रकाना चौकशी होईपर्यंत मोकळा ठेवला आहे.

"बाबा, जिन्याला कठडा होता ना?"

"ऑफिसात म्हणतात, होता."

"ऑफिसात काय म्हणतात ते मला ऑफिसात सांगितलं. साहेबांनी बोलावलं होतं मला. खुर्ची दाखवली आईची." तिने साडीची घडी मोडली आणि परत घातली. "तुम्ही तर जिना मोजता. होता की नव्हता?"

"माप चालू आहे."

"काय चालू आहे?"

"पूर्ण झालं की सांगतो."

ती हसली, पण ते हसणं तिच्या आईचं नव्हतं. "आई म्हणायची ते खरं आहे. तुम्हाला काही विचारलं की तुम्ही टेप शोधायला लागता." थोड्या वेळाने म्हणाली, "मला त्या खुर्चीत बसायचं तर एवढं कळायला हवं. नोकरी नको म्हणत नाही मी. फक्त कळायला हवं."

मी आंघोळीला गेलो.

आठव्या दिवशी ठेकेदार आला. जाडजूड माणूस, सदा घाईत. नोंद झाली की कठड्याचं बिल निघणार होतं, न लावलेल्या कठड्याचं, त्यामुळे त्याला माझ्यापेक्षा जास्त निकड होती.

"ओव्हरसियरसाहेब, आठ दिवस झाले. एवढ्या वेळात मी दुसरी नगरपालिका बांधून दिली असती. द्या, टोक मी धरतो."

मी त्याच्या हातात टोक दिलं, खालच्या पायरीवर उभं केलं आणि वर आलो. वरून तो दिसत नव्हता, आवाज येत होता.

"धरलंय. वाचा आणि लिहा, आणि मला मोकळं करा."

दोन हिसके बसले. मी आकडा बघितला.

"वर कशाला आलात?" मी विचारलं. "खालीच थांबा."

"खालीच आहे." आवाज खरंच खालून येत होता.

"चार नव्वद दाखवतेय. तुम्ही सात पायऱ्या वर आहात."

"अहो, भिंतीला पाठ लावून उभा आहे मी. चेष्टा करताय काय?"

"टेप धरली आहे ना?"



"तुम्हीच घेतलीत ना," तो म्हणाला. "आत्ता. माझ्या हातातून."

"मी वर आहे."

"हळूच घेतलीत. मला वाटलं, तुम्हीच." 

मी टेप ताणलेलीच धरून होतो. पलीकडून ओढ तशीच होती, सैल नाही की जास्त नाही. ज्याला टेप धरायची सवय आहे त्याच्यासारखी. खालचं दार उघडल्याचा आवाज आला, उजेडाची एक पट्टी आत आली आणि गेली.

ठेकेदाराने नंतर टाचणीमामाबरोबर निरोप पाठवला, एक्केचाळीस नंबरचे पैसे त्याला नकोत. आयुष्यात पहिल्यांदा तो असं म्हणाला असेल. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "त्याला काय सांगितलंत तुम्ही? आता तर तुम्हाला नोंद करायलाच हवी. तोही उलटला तर काय करणार?"

"टेप लावतोय, साहेब."

"रोज लावताय म्हणे. लोक बोलतात. दुःख समजतं मला, पण महिनाअखेर शेवटचं बिल जातं. त्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत वही माझ्या टेबलावर पाहिजे. नोंदीसकट. नाहीतर रेघ तुमची आहे, आणि ती मी दाखवीन."

दाखवा म्हणायला तोंड उघडलं होतं. मुलीची आठवण झाली आणि मिटलं.

बाराव्या दिवशी तीन बासष्ट.

तेराव्या दिवशी तीन तीस. दहा वजा केले तर तीन वीस. म्हणजे वरून दहावी पायरी. उजेड तिथपर्यंत येतो.

त्या दिवशी हिसके बसले तेव्हा मी आकड्यावरून नजर उचलली नाही. टेप माझ्या बोटांपासून खाली गेलेली होती, ताठ. तिच्याबरोबर डोळे दोन-अडीच हात खाली गेले आणि मी ते परत आणले. तेव्हापासून मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. टेप पाठीमागून हातात घेतो, आकड्यापुरतं बघतो.

आता खालीही जात नाही. टोक वरूनच सोडतो. ते पायऱ्यांवरून घरंगळत जातं, थोडं थांबतं, मग उचललं जातं.

पंधराव्या दिवशी दोन सहासष्ट.

लोकांना वाटतं मी घाबरत असेन. पहिले काही दिवस घाबरलो. आता दुसरंच आहे. माणसाला विचारलं जाणार हे माहीत असलं की तो उत्तर जुळवायला लागतो. मी रस्त्याने जाताना जुळवतो, जेवताना जुळवतो. तू खिडकीवर होतीस. मामा बोलत नाही. दोन दिवसांत चौसष्ट भिंती. एकही वाक्य पुढे जात नाही.

ती रागावली असेल का, हे मला टेपच्या ओढीवरून कळत नाही. ओढ रोज सारखीच असते.

विसाव्या दिवशी एक मीटर सहा.

त्या दिवशी मी वहीत 'कठडा' हा शब्द लिहिला. मुलीने सकाळी नोकरीचा अर्ज भरून माझ्या पिशवीत ठेवला होता, साहेबांना द्यायला. सही करायची जागा रिकामी होती. चिठ्ठी लावली होती, 'तुम्ही सांगितल्यावर करीन.' मी 'कठडा' लिहिलं आणि पुढे 'लाकडी' लिहायला लागलो. टेप हातातून निसटली नाही. ती खालून खेचली गेली, एकदाच. हिसका नव्हता तो. टोक धरणारा चुकीच्या जागी वाचणाऱ्याला थांबवतो, तशी.

मी शब्द खोडला.

एकविसाव्या दिवशी चौऱ्याहत्तर.

आज बाविसावा दिवस होता. जेवणाची सुट्टी झाली, खालून डब्यांचे आवाज आले, मग बंद झाले. मी भिंतीकडे तोंड केलं आणि टोक सोडलं. ते घरंगळलं नाही. खाली पडल्याचा आवाजही आला नाही.

दोन हिसके.

बेचाळीस.

दहा वजा, बत्तीस. एक पायरी.

मी वही उघडली नाही. तसाच उभा राहिलो. मागे कोणी श्वास घेत असेल तर मला ऐकू आला नाही. ओला रंग आणि चुना, एवढाच वास होता. टेप गुंडाळायला लागलो तर ती येईना. पलीकडून सोडलेली नव्हती. असं आधी कधी झालं नव्हतं. दर वेळी आकडा वाचला की सुटायची.

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी भिंतीकडे बघतच म्हणालो, "नाही केले. वरच्या मजल्याचे चौसष्ट. एकाचेही केले नाहीत."

टेप सुटली. सरसर गुंडाळली गेली.

शेवटचं बिल परवा जातं, म्हणजे वही उद्या दुपारी साहेबांच्या टेबलावर हवी. बाब एक्केचाळीसपुढे एक खोडलेला शब्द आहे, बाकी ओळ कोरी आहे. मुलीचा अर्ज पिशवीत आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. उद्याचा आकडा मला माहीत आहे, दहा येईल, आणि त्यातून दहा वजा करायचे आहेत. ते माप घ्यायचं राहिलं आहे.